घारेबाईंची इर्जिक

परवा आमच्या अश्विनीनं क्लासमध्ये केलेला प्रोग्राम कागदावर छापून घरी आणला आणि मोठ्या विश्वासानं माझ्या हातात दिला. बापाची हयात कॉम्प्युटरसमोर गेली, तेव्हा बाप चार शब्द बोलेल अशी तिची अपेक्षा. मी चष्मा शोधला नाही. कागदांची चळत उजव्या तळहातावर घेतली, भाजीवाली मेथीची जुडी तोलते तशी दोनदा खालीवर केली आणि म्हणालो, "जड हाय."

"बाबा, हे वाचायचं असतं," अश्विनी म्हणाली.

स्वयंपाकघरातून हिचं हसणं ऐकू आलं. "अगं, ते तुझे बाबा नाही बोलले. घारेबाई बोलल्या."

अश्विनीला घारेबाई ठाऊक आहेत त्या पवनेकाठच्या गावाहून डबा भरून आंबेमोहोर पाठवणाऱ्या आजी म्हणून. त्या बाईंनी तिच्या बापाला माणसात आणलं, आणि तिच्या आईबापाचं लग्न जमायला अप्रत्यक्षपणे त्याच कारणीभूत झाल्या, हे तिनं इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकत नाही. म्हणून म्हटलं, ज्यांनी एकदाही ऐकलेलं नाही त्यांना सांगावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्याच्या अलीकडे, रेल्वेलाइनीला लागून आमचा पंपांचा कारखाना होता. कारखान्यानं एक कॉम्प्युटर भाड्यानं आणला होता. आताच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण त्या एका मशीननं अख्खी खोली अडवली होती आणि माणसांना नसलेला वातानुकूल थाटही त्याला होता. त्याच्याशी बोलायचं ते जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून. एका कार्डावर एक ओळ. अशी शेकडो कार्डं ओळीनं लावली की एक प्रोग्राम. त्या गठ्ठ्याला रबर लावायचं आणि मशीनच्या तोंडात द्यायचा.

मी तळेगावचा. गणित घेऊन बी.एस्सी. झालो, मुंबईला काही आठवडे ही भोकांची भाषा शिकून आलो आणि कारखान्यात चिकटलो. त्या काळात देहूरोडपासून खंडाळ्यापर्यंत आपल्याएवढा जाणकार दुसरा नसावा असं माझं प्रामाणिक मत होतं. लोकलमध्येही मी गुडघ्यावर चार-दोन कार्डं दिसतील अशी धरून बसत असे. कुणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मशीनच्या खोलीच्या प्रमुख होत्या शेवंता घारे. पवन मावळातल्या शेतकऱ्याची मुलगी. वडगावला शाळा, पुण्याला मावशीकडे राहून कॉलेज, मग काही वर्षं शाळेत गणिताची मास्तरकी. मशीन आलं तेव्हा कारखान्यानं परीक्षा घेतली, त्यात बाई वरचा नंबर काढून आल्या. वय पस्तिशीचं, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला. तुंगार्लीत एका बंगल्यामागच्या खोलीत त्या राहत आणि शनिवारी संध्याकाळी गावी जात. "लग्न का नाही केलं?" असं विचारण्याची हिंमत करणाऱ्याला सांगत, "मशीन भाड्याचं हाय. त्येला टाकून कशी जाऊ?"

बाईंच्या दोन भाषा होत्या. साहेबांसमोर त्या पुस्तकासारखं बोलत. पण प्रोग्राम हातात आला, की जीभ सरळ पवनेच्या काठावर जाऊन बसे.

माझा पहिला प्रोग्राम मी त्यांच्यासमोर नेला तो लग्नातला आहेर न्यावा तसा, दोन्ही हातांनी. कारखान्यात निरनिराळे पंप बनत. एखाद्या पंपाची मागणी आली की त्याला कुठले सुटे भाग किती लागतील, पत्रे किती, बोल्ट किती, याची यादी मशीनकडून काढायची, हे आमचं काम. एका नव्या पंपाची यादी काढणारा प्रोग्राम मी एकट्यानं रचला होता. बाईंनी गठ्ठा घेतला. वाचला नाही. तळहातावर दोनदा खालीवर केला.

"जड हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी वझं लय झालंय. अवो पुणेकर, ह्ये कुनाच्या डोक्यावर देनार?"

"बाई, मी तळेगावचा."

"कार्ला मागं पडलं की समदं पुनंच," असं म्हणून त्यांनी गठ्ठा परत दिला.

मला राग आला. काम चाललं की झालं, वजनाशी काय संबंध? वैतागून मी कार्डं पंच करणाऱ्या मुलींच्या खोलीत गेलो. तिथं रेखा नावाची एक लोणावळ्याची मुलगी होती. माझी हस्ताक्षरातली पानं पाहून यंत्रावर भोकं पाडायचं काम तिचं. मी सहानुभूतीच्या आशेनं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलल्या बाई. हेच हेच मी किती वेळा पंच करायचं? मागच्या पंपाला हेच होतं, त्याच्या आधीच्यालाही हेच."

"ते वेगळे पंप आहेत."

"असतील. अक्षरं तीच आहेत. माझी बोटं आता न बघता पाडतात."

ही रेखा आता आमच्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगते आहे की ती "अक्षरं तीच आहेत, अक्कलही तीच आहे" असं म्हणाली होती. असेल. मला दुसरा भाग ऐकू आला नसावा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला सगळ्या पंपांचे गठ्ठे काढायला लावले आणि खोलीबाहेरच्या कोरड्या व्हरांड्यात, पापड वाळत घालावेत तशी कार्डं मांडायला लावली. एक रांग एका पंपाची. मी गुडघ्यावर रांगतोय, येणारेजाणारे फिटर वाकून "साहेब, काय हरवलं?" म्हणून विचारतायत, अशी माझी मिरवणूक निघाली. पण रांगत रांगत मलाही दिसायला लागलं. प्रत्येक रांगेत सुरुवातीला तारीख तपासणारी कार्डं होती, तीच ती. पुढं पत्र्यांचा हिशेब करणारी, तीच ती. यादीला मथळा छापणारी, तीच. आम्ही दर वेळी जुन्यावरून नक्कल करत आलो होतो, आणि नक्कल करताना हातून काही ना काही निसटत होतं. एका पंपाच्या फेब्रुवारीला तीस दिवस होते.

"ह्यो फेब्रुवारी कुनी केला?" बाईंनी विचारलं.

तो मीच केला होता. मी खाली मान घालून एकतिसावा शोधू लागलो.

याच सुमारास मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण फटकळ इंजिनिअर होता. परत आल्यावर बाईंनी दार लावून आम्हाला सांगितलं ते असं: नव्या पंपाचा प्रोग्राम करायला आम्हाला दोन महिने लागतात, जुने कारकून तीच यादी पेन्सिलीनं तीन आठवड्यांत काढत. मग या मशीनचं भाडं कशासाठी? दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही, तर मशीन परत. खोलीत भांडार होईल. बाई भांडाराच्या टेबलावर, रेखा टायपिंगला, आणि मी अजून कायम झालो नव्हतो, तेव्हा मी तळेगावला.

"साहेबांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, दिवाळीला यादी मागा. तवर मागू नका."

"आणि आपण काय करायचं?"

"तुमी दोगं आयतवारी गावाकडं या. आमच्यात इर्जिक हाय."

मशीन चाललंय आणि बाई शेतावर बोलावतायत. मला काही उमजेना. पण रेखा येणार होती, म्हणून मी उमजून घ्यायचा फार आग्रह धरला नाही.

इर्जिक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताची खाचरं चिखलून लावणीला तयार करायची असतात, आणि एका घरच्या बैलजोडीला ते वेळेत उरकत नाही. मग तो शेतकरी गावात आवतण देतो. शेजारी आपापले बैल, आपापले नांगर घेऊन येतात, सगळे मिळून त्याचं शेत दिवसात चिखलून देतात. मजुरी नाही. त्यानं पोटभर गोडाधोडाचं किंवा मटणाचं जेवण घालायचं. उद्या दुसऱ्याची हाक आली की यानं जायचं.

आम्ही पोचलो तेव्हा खाचरांतून बैल फिरत होते, पावसाची भुरभुर होती आणि बाई गुडघाभर चिखलात उभ्या राहून भावाला, अप्पांना, ओरडत होत्या. रेखानं चपला काढल्या आणि बायकांबरोबर रोपं उपटायला गेली. मी छत्री धरून बांधावर उभा. अप्पा म्हणाले, "पावनं, छत्री कुनाला राखताय? या की हितं."

रेखा बघत होती. मी छत्री मिटली, पँट दुमडली आणि एका जोडीचा नांगर हातात घेतला. पहिली दोन वळणं बैलांनी मला सांभाळून घेतलं. तिसऱ्या वळणाला मी रेखाकडं पाहिलं, आणि बैल वळायच्या आत नांगराचा फाळ शेजारच्या बांधात घुसून हातभर माती खाली घेऊन आला.

पलीकडच्या खाचरातून एक किडमिडीत म्हातारे धावत आले. ते धोंडिबा आबा. बांध त्यांचा. "आरं कुनाचा ह्यो? बांध कोरतोय! माझ्या बापानं घातल्याला बांध! शेवंते, जमीन खायला पुन्याहून मानसं आनलीस व्हय?"

"मी तळेगावचा," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

सगळं शिवार हसलं. आबा हसले नाहीत. बांध पुन्हा थापून होईपर्यंत ते माझ्या डोक्याशी उभे होते, आणि तो थापला मी, माझ्या या सुशिक्षित हातांनी, चिखलानं माखून.

जेवायला बसलो तेव्हा बाईंनी माझ्या पानात रस्सा वाढता वाढता विचारलं, "पुणेकर, काय बघितलं?"

"चिखल."

"आनि?"

मी रश्श्यात भाकरी कुस्करायला घेतली.

"आसं बघा," बाई म्हणाल्या. "ही समदी मानसं बोलावल्यावर आली. नांगराला बोलावलं, तर नांगरच धरला. कुनी आमचं घर शाकारायला चढलं का? न्हाई. काम झालं, जेवली, की आपली बैलं घिऊन आपल्या दावनीला. हितं ऱ्हात न्हाईत. उद्या धोंडिबा आबांच्यात बोलवनं आलं की हीच जोडी तितं. नवी जोडी करावी लागती का? तुमी दर पंपाला नवी बैलं इकत घेताय. वझं हुनार न्हाई तर काय?"

माझा घास हातात राहिला. व्हरांड्यातल्या त्या कार्डांच्या रांगा एकदम डोळ्यासमोर आल्या. तारीख तपासणारी कार्डं एकदाच, नीट, एका गठ्ठ्यात. ज्या पंपाला लागतील त्यानं हाक मारायची. काम करून त्यांनी हाक मारणाऱ्याकडं परत यायचं. मुंबईच्या वर्गात यालाच काहीतरी भारदस्त नाव देऊन शिकवलं होतं, मी ते परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण ते खरोखर करायचं असतं, हे मला त्या रश्श्यावर कळलं.

"आनि बांध इसरू नका," पलीकडून धोंडिबा आबा म्हणाले. त्यांना आमच्या कार्डांचं काहीच ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या बांधाचंच बोलत होते.

सोमवारपासून आम्ही गठ्ठे फोडायला घेतले. आमच्या खोलीत कुणी "सबरूटीन" म्हणत नसे. आम्ही म्हणत असू इर्जिक. तारखेची इर्जिक, पत्र्याची इर्जिक, मथळ्याची इर्जिक. बाईंनी बिस्किटांचे पत्र्याचे डबे गोळा केले, एका डब्यात एक इर्जिक. लोणावळ्याची हवा तुम्हाला माहीत आहे. श्रावणात कपाटातल्या चपलांना मिशा येतात, तिथं कार्डांचं काय? ती दमटून फुगत आणि मशीनच्या घशात अडकत. म्हणून प्रत्येक डब्यात बाई भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकत. डब्यावर मोठ्या अक्षरात कामाचं नाव. नाव एका दमात सांगता आलं नाही, तर बाई तो डबा परत करत. "ह्यात दोन कामं हाईत. दोन डबं करा."

एकदा मोठे साहेब खोलीत डोकावले. टेबलावर, खुर्च्यांवर, जमिनीवर कार्डंच कार्डं. छापलेली यादी एकही नाही. त्यांनी भुवया उंचावल्या. बाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "साहेब, सध्या चिखलणी चालू आहे. भात इतक्यात मागू नये." साहेब दार लोटून निघून गेले. रेखा म्हणाली, "आता टायपिंगची सवय करायला हवी."

माझी पहिली स्वतंत्र इर्जिक बोल्ट मोजायची. लिहिली, पंच झाली, डब्यावर नाव पडलं, बाईंनी तळहातावर तोलून "हलका हाय" म्हटलं. मी हवेत. मग मुख्य प्रोग्रामला जोडून मशीनमध्ये घातली. पाच पंपांची यादी एकापाठोपाठ एक छापायची होती. पहिल्या पंपाची छापली. मग पुन्हा पहिल्याची. पुन्हा पहिल्याची. छपाईयंत्र खडखडत राहिलं, कागदाची घडी भरभर उलगडत खोलीच्या दारापर्यंत गेली, आणि प्रत्येक पानावर पहिलाच पंप. शेवटी कागद संपला तेव्हा ते थांबलं.

बाईंनी माझी पानं मागून घेतली. या वेळी वाचली. मशीनच्या पोटात आकडे ठेवायच्या जागा असतात, बाई त्यांना खाचरं म्हणत. कितव्या पंपाचं काम चालू आहे, तो आकडा मुख्य प्रोग्रामनं एका खाचरात ठेवला होता. माझ्या इर्जिकीनं बोल्ट मोजायला नेमकं तेच खाचर वापरलं आणि जाताना त्यात शून्य टाकून गेली. परत आल्यावर मुख्य प्रोग्राम बघतो, तर अजून एकही पंप झालेला नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू!

बाईंनी कागदावरून नजर वर केली.

"बांध कोरला," मीच म्हणालो.

"व्हय," बाई म्हणाल्या. "पर ह्या टायमाला वरडायला आबा नव्हतं. म्हनून कागद संपस्तवर कळलं न्हाई."

त्या दिवसापासून प्रत्येक डब्यात पुरचुंडीबरोबर एक जादा कार्ड पडलं. ही इर्जिक कुठलं खाचर हातात घेते आणि काय परत देते, एवढंच त्यावर लिहिलेलं. बाकी कुठं पाय टाकायचा नाही.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. मोठे साहेब हातात निळ्या नकाशाची गुंडाळी घेऊन आले. "नवा पंप. पूर्वी कधी केलेला नाही. तुम्ही दिवाळी म्हणालात, मी थोडा आधी आलो. उद्या संध्याकाळपर्यंत यादी मिळेल?"

बाई म्हणाल्या, "आज दुपारी न्या."

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं आणि, आमच्या दुर्दैवानं, खुर्ची ओढून तिथंच बसले.

बाईंनी डबे काढायला सुरुवात केली. तारखेचा. मथळ्याचा. पत्र्याचा. बोल्टचा, माझा. नव्या पंपाचे म्हणून नवीन लिहावे लागले ते फक्त त्याचे भाग आणि कुठल्या क्रमानं कुणाला हाक मारायची ते. मी लिहीत होतो आणि रेखा पंच करत होती. तिच्या बोटांना त्या दिवशी प्रथमच नवं काहीतरी मिळालं. जेवणाची सुट्टी संपायच्या आत यादी छापून साहेबांच्या हातात होती. सुबक मथळा, बरोबर तारीख, सगळे भाग.

साहेबांनी बोट ठेवत ठेवत यादी वाचली. बोट एका ओळीवर थांबलं.

"वॉशर तेरा. एका पत्र्यातून चार निघतात. पत्रे किती लिहिलेत?"

"तीन," मी म्हणालो.

"तीन पत्र्यांतून बारा. तेरावा कुठून आणू? तुमच्या शेतातून?"

मशीन भागाकार करताना उरलेली बाकी फेकून देतं. म्हणून बाकी उरली, तर एक पत्रा जास्त धरायचा असतो. तो धरला नव्हता. साहेब हळूहळू म्हणाले, "म्हणजे भांडारात वॉशरचा पत्रा कायम कमी पडतो, त्याचं मूळ इथं आहे. सगळ्याच याद्या अशा आहेत. हो ना?"

ती कार्डं माझी नव्हती. बाईंनीच, मशीन आलं त्या वर्षी, पहिल्या पंपासाठी लिहिली होती. आम्ही सगळ्यांनी त्यांचीच नक्कल केली होती. बाई म्हणाल्या, "हो. चूक माझी आहे." आणि पत्र्याच्या इर्जिकीचा गठ्ठा हातात घेऊन कार्डं सरकवत सरकवत एक कार्ड उपसून बाजूला ठेवलं. रेखाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. रेखानं नवं कार्ड पंच करून आणलं. बाईंनी ते त्या जागी घातलं आणि गठ्ठा पुन्हा मशीनच्या तोंडात दिला.

वॉशर तेरा. पत्रे चार.

साहेबांनी मान हलवली, पण चेहरा तसाच. "हे झालं. आता बाकीच्या पंपांच्या याद्या कधी दुरुस्त करणार? प्रत्येकी दोन महिने धरले तर..."

"झाल्या की," बाई म्हणाल्या.

"काय झाल्या?"

"समद्या." बाईंची जीभ साहेबांसमोर पहिल्यांदाच पवनेला पोचली होती, आणि ते त्यांच्या ध्यानीही नव्हतं. "अवो साहेब, नांगर एकच हाय. फाळ बदलला, तर ज्या शिवारात जाईल तितं नीटच नांगरनार. सांगा, कुटला पंप बगायचा? तुमीच सांगा."

साहेबांनी मुद्दाम सगळ्यात जुना पंप सांगितला. आम्ही यादी काढली. पत्रे बरोबर. त्यांनी दुसरा सांगितला. बरोबर. तिसऱ्याच्या वेळी ते उठून छपाईयंत्राजवळ येऊन उभे राहिले आणि कागद बाहेर यायच्या आधीच वाकून बघू लागले, जत्रेत पाळणा बघावा तसे. तोही बरोबर. आखाडात ही चूक सापडली असती, तर एकेका पंपाच्या गठ्ठ्यातून ते कार्ड हुडकत आम्ही पुढच्या आखाडापर्यंत बसलो असतो, आणि दोन-चार तरी नक्कीच निसटली असती.

साहेबांनी टेबलावरचं जुनं कार्ड उचललं, उजेडात धरून त्याची भोकं बघितली. "एवढंच?"

"हलकं हाय न्हवं?" बाई म्हणाल्या.

साहेब हसले. आम्ही त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं. दारापर्यंत जाऊन मागं वळले. "बाई, या खोलीला ओल येते. डब्यांसाठी एक चांगलं लोखंडी कपाट मागवून घ्या." मशीन राहणार की जाणार, याबद्दल ते काही बोलले नाहीत. जाणाऱ्या मशीनसाठी कुणी कपाट मागवत नाही, एवढं आम्हाला कळत होतं.

ते गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच दमलेल्या दिसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पुणेकर, तुझा बोल्टचा गठ्ठा बिनचूक चालला, बघितलंस?" इतके महिने मी "तुमी" होतो, आणि त्या "तुमी"त केवढा टोमणा होता ते मला त्या "तू"मुळं कळलं.

पुढं मशीन बदललं. कार्डं गेली, तबकड्या आल्या, मग पडदे आले. पण कामं वेगवेगळी फोडून ठेवलेली असल्यामुळं नव्या मशीनवर न्यायला फार त्रास झाला नाही. डबे तेवढे रिकामे झाले. बाई निवृत्त होऊन गावी गेल्या तेव्हा ते डबे घेऊन गेल्या, आणि दर वर्षी सुगीनंतर त्यातल्याच एकातून आमच्याकडं आंबेमोहोर येऊ लागला. डब्यावर अजून "तारीख तपास" असं लिहिलेलं, आत तांदूळ, आणि निरोप ठरलेला: "डबा दावनीला परत धाडा."

दोन वर्षांपूर्वी, भाताच्या लावणीच्या दिवसांत, बाई गेल्याचं कळलं. आजार लांबलचक नव्हता. आम्हाला कळायलाच उशीर झाला. आम्ही दोघं गेलो तेव्हा दहावा झाला होता आणि अप्पांचं शेत तसंच पडून राहिलं होतं. पोचलो तर खाचरांत बैल फिरत होते. अप्पांनी आवतण दिलं नव्हतं. गावानं स्वतःच हाक घेतली होती.

हिनं चपला काढल्या आणि रोपांकडं गेली. मी पँट दुमडली. एका पोरानं माझं वय बघून नांगर द्यायला जरा कां-कूं केलं, पण दिला.

तिसऱ्या वळणाला पलीकडच्या बांधावर एक आकृती दिसली. धोंडिबा आबा. नव्वदीला टेकलेले, काठीवर भार देऊन, पण उभे.

"पावनं," ते ओरडले, "बांध!"

मी बैल हातभर अलीकडंच वळवले. फाळ वर उचलला, पलीकडं टेकवला. आबा खाली वाकले, काठीनं बांधाची कड इकडून तिकडे चाचपून बघितली आणि उभे राहिले.

"शिकलास रं," म्हणाले. "शेवंतानं लय येळ घेतला तुला शिकवाया."

संध्याकाळी ज्याचे त्याचे बैल ज्याच्या त्याच्या दावणीला गेले. परत करायला म्हणून आणलेला रिकामा डबा मी अप्पांच्या हातात दिला. ते तो घेऊन आत गेले आणि घरातल्या जुन्या तांदळानं काठोकाठ भरून परत घेऊन आले. मी नको नको म्हणत होतो.

"इर्जिकीला आलास," अप्पा म्हणाले. "मोकळ्या हातानं धाडायची रीत न्हाई."

एस.टी.त तो डबा मी मांडीवर घेऊन बसलो. शेजारी ही, नखांतला चिखल काढत. डबा चांगलाच जड होता. पण या वजनाला बाईंनी काही नावं ठेवली नसती.